पैसे गेले, सीट नाही, आणि लॉगमध्ये रिकामा कंस : एका नोड सेवेतील लॉगिंग-बदलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातील एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी खासगी बसमालकांसाठी तिकीट आरक्षणाची सेवा चालवते. कंपनीचे व संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी या कामात बाहेरचा सल्लागार म्हणून सहभागी होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील काही माझ्याही आहेत.

सेवा नोड.जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि तिच्यावरील एक्स्प्रेस या वेब-चौकटीत लिहिलेली होती. एका उबुंटू सर्व्हरवर पीएमटू या प्रोसेस सांभाळणाऱ्या साधनाच्या क्लस्टर पद्धतीने तिच्या चार प्रोसेस, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या चार चालू प्रती, चालत आणि पोस्टग्रेसचा डेटाबेस वेगळ्या यंत्रावर होता. प्रवाशाने सीट निवडली की ती सात मिनिटे त्याच्यासाठी राखून ठेवली जाई, मग तो पेमेंटच्या पानावर जाई, आणि पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून वेबहूकने (गेटवेने आपणहून पाठवलेल्या विनंतीने) सर्व्हरला आला की तिकीट तयार होई. चार प्रोग्रामर हे सगळे सांभाळत होते.

लॉगिंगसाठी, म्हणजे सेवा चालताना काय घडले याच्या नोंदी लिहिण्यासाठी, वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) नव्हती. कोडमध्ये कन्सोल-लॉग या छापण्याच्या साध्या आदेशाच्या सुमारे सहाशे ओळी विखुरलेल्या होत्या, आणि त्यांचे छापील रूप पीएमटू दोन फाइलींत जमा करत असे : नेहमीचे एका फाइलीत आणि एररचे दुसऱ्या फाइलीत. चारही प्रोसेसच्या ओळी त्याच दोन फाइलींत जाव्यात अशी मांडणी होती. पीएमटूला वेळ छापायला वेगळे सांगावे लागते. ते सांगितलेले नव्हते. ‘इथे आलो’, ‘इथे २’, ‘पेमेंट झालं’, ‘अरे’ अशा ओळींची रांग त्या फाइलींत दिसे. ज्याने रात्री अडीच वाजता अशी ओळ कधीच लिहिलेली नाही, त्याने खुशाल हसावे. कन्सोल-लॉग हे साधन वाईट नाही. एकटा माणूस स्वतःच्या लॅपटॉपवर, समोरच्या पडद्याकडे पाहत काम करत असेल तर ते पुरते. येथे मात्र लिहिणारा एक होता, वाचणारा दुसरा होता, आणि दोघांमध्ये काही आठवड्यांचे अंतर होते.

अडचण

२०२३ साली गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मुंबई-पुण्याहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण महिन्याच्या सुरुवातीपासूनच चढत गेले, आणि त्याबरोबर एकाच स्वरूपाच्या तक्रारी येऊ लागल्या : यूपीआयने पैसे कापले गेले, तिकीट मात्र मिळाले नाही. ग्राहक-सहाय्य पाहणाऱ्या सहकारी ताईंकडे आठवड्याभरात अशा नऊ तक्रारी जमल्या. त्यांच्याजवळ प्रत्येक तक्रारीबाबत दोनच गोष्टी असत, प्रवाशाचा मोबाइल क्रमांक आणि त्याने सांगितलेली अंदाजे वेळ.

प्रोग्रामरने लॉग उघडला तेव्हा त्यात वेळ नव्हती, चार प्रोसेसच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या होत्या, आणि कोणती ओळ कोणत्या प्रवाशाची हे सांगणारे काहीही नव्हते. एररच्या फाइलीत ‘वेबहूक एरर’ हे शब्द होते आणि त्यांच्यापुढे उघडून लगेच मिटलेला महिरपी कंस होता. आत काहीच नव्हते.

या रिकाम्या कंसाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जावास्क्रिप्टमध्ये एररच्या वस्तूवरील संदेश आणि स्टॅक (एरर कोडमध्ये कुठून आली याचा माग) हे दोन्ही गुणधर्म गणनीय नसतात, म्हणजे वस्तूतील गुणधर्म मोजत जाणाऱ्याला ते दिसत नाहीत. जेसन या मजकूर-स्वरूपात रूपांतर करणारे फंक्शन नेमके गणनीय गुणधर्मच उचलते. त्यामुळे साध्या एररचे जेसन केले की हाती रिकामी वस्तू येते. तीच एरर जशीच्या तशी कन्सोलला दिली असती तर संदेश आणि स्टॅक दोन्ही छापले गेले असते. कोणीतरी कधीतरी लॉग नीटनेटका दिसावा म्हणून तिचे जेसन केले होते, आणि त्या नीटनेटकेपणात मजकूरच गेला होता.

माहिती मिळेना, म्हणून घाईत एका प्रोग्रामरने प्रत्येक विनंतीचे सगळे हेडर (विनंतीसोबत येणारी तांत्रिक माहिती) आणि सगळा मजकूर छापायला सुरुवात केली. दोन दिवसांत, रविवारी रात्री, डिस्क भरली. त्याने मोठी लॉग-फाइल काढून टाकली, तरी जागा मोकळी झाली नाही : डिस्कवरील एकूण वापर शंभर टक्के दिसत होता आणि फाइलींची बेरीज केली तर ती निम्मीही भरत नव्हती. लिनक्समध्ये फाइलीचे नाव पुसले तरी एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरलेली असेपर्यंत तिची जागा सुटत नाही, आणि येथे पीएमटूने ती उघडी धरली होती. पीएमटूला लॉग-फाइली नव्याने उघडायला सांगितल्यावर जागा सुटली. तिकिटाची पीडीएफ आधी त्याच डिस्कवर लिहिली जात असल्याने तोवर सुमारे चाळीस मिनिटे चांगली आरक्षणेही अडकून राहिली.

याहून गंभीर गोष्ट दुसऱ्या दिवशी लक्षात आली. छापलेल्या हेडरमध्ये प्रवाशांचे लॉगिन टोकन (पासवर्डशिवाय प्रवेश देणारी खूण) होते, तीस दिवस चालणारे, आणि मजकुरात नावे व मोबाइल क्रमांक होते. त्या फाइलीचा एक तुकडा ‘जरा बघा’ म्हणून कंपनीच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलाही गेला होता. अशी चूक फक्त लहान कंपन्यांत होते असे नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने स्वतः जाहीर केले होते की एका दोषामुळे वापरकर्त्यांचे पासवर्ड उघड्या स्वरूपात अंतर्गत लॉगमध्ये लिहिले गेले, आणि ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करण्यास सांगितले होते.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न लायब्ररीचा नव्हता, वेळेचा होता. गणपतीच्या आठ दिवस आधी चालू सेवेला हात लावावा की नाही? बसमालकांशी बोलणाऱ्या भागीदारांचे म्हणणे होते की विसर्जनापर्यंत एकही ओळ बदलू नये, आणि तक्रारी आल्या तर पैसे हाताने परत करावेत. हे म्हणणे भित्रेपणाचे नव्हते. गर्दीच्या दिवसांत नवा दोष घुसला तर तो नऊ तक्रारींपेक्षा महाग पडला असता. दुसरीकडे, कारण माहीत नसलेला दोष गर्दीबरोबर किती वाढेल हेही कोणी सांगू शकत नव्हते. अखेर मधला मार्ग ठरला : गणपतीपूर्वी फक्त पेमेंटच्या मार्गावरील तीन फाइली बदलायच्या, बाकीचा कोड अनंत चतुर्दशीनंतर. या प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय मला आजही हाच वाटतो.

लायब्ररीबाबत चार पर्याय चर्चेत आले. कन्सोलभोवती स्वतःचे पातळ आवरण लिहिणे हा पहिला. तो स्वस्त होता, पण वेळ, लेव्हल (नोंद किती महत्त्वाची याची पातळी), एररचे रूप आणि गुप्त माहिती झाकणे हे सगळे स्वतः लिहून सांभाळावे लागले असते. दुसरा पर्याय विन्स्टन, तिसरा पिनो (दोन्ही नोडसाठीच्या तयार लॉगिंग लायब्ररी), आणि चौथा म्हणजे सगळे लॉग परदेशातील एखाद्या तयार सेवेकडे पाठवणे. चौथा लवकर बाद झाला, कारण आधी आपण काय लिहितो तेच धड ठरलेले नसताना ते दुसऱ्याच्या घरी पाठवणे शहाणपणाचे नव्हते. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, तेही भारताच्या अधिकारक्षेत्रात, सांभाळणे आवश्यक होते.

विन्स्टन आणि पिनो यांच्यातील वाद तीन संध्याकाळी चालला. विन्स्टनमध्ये एकाच लॉगरकडून अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या स्वरूपात लिहिण्याची सोय आहे. पिनोचा बाणा वेगळा : एक नोंद म्हणजे जेसनची एक ओळ, ती बाहेर टाकायची, आणि रंगरंगोटी दुसऱ्या प्रोग्रामवर सोडायची. दोघांच्या लेव्हलही उलट दिशेने मोजल्या जातात. विन्स्टनच्या नेहमीच्या मांडणीत एरर शून्यावर असते आणि कमी महत्त्वाच्या नोंदींचे अंक वाढत जातात. पिनोत ट्रेस १०, डीबग २०, इन्फो ३०, वॉर्न ४०, एरर ५० आणि फेटल ६०. पिनोच्या बाजूने सर्वाधिक वेळा वेगाचा मुद्दा मांडला गेला. परंतु सेकंदाला काही डझन ओळी लिहिणाऱ्या सेवेला त्या वेगाचा उपयोग जवळजवळ नाही. पिनो निवडले गेले ते मुख्यतः त्याच्याकडे ठरवण्यासारखे पर्याय कमी होते म्हणून. विन्स्टन घेतले असते तरी या प्रकरणाचा शेवट फारसा निराळा झाला नसता, आणि त्या तीन संध्याकाळी ‘कोणती ओळ कोण वाचणार’ या प्रश्नावर गेल्या असत्या तर अधिक सार्थकी लागल्या असत्या.

पहिला टप्पा : पेमेंटचा मार्ग

सीट राखणे, पेमेंट सुरू करणे आणि वेबहूक स्वीकारणे या तीन फाइलींत पिनो आले. वेळ आयएसओ या प्रमाणित स्वरूपात, यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) ठेवली. प्रत्येक ओळीत प्रोसेसचा क्रमांक पिनो आपणहून घालतेच. एरर देताना ती ‘err’ असे लघुरूप असलेल्या ठरावीक नावाखाली द्यायची, म्हणजे तिचा प्रकार, संदेश आणि स्टॅक नीट उतरतो, एवढा नियम केला.

खरा विचार करावा लागला तो ओळी एकमेकींशी जोडण्याचा. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक देण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, आणि नोडमधील एसिंक-लोकल-स्टोरेज या सोयीमुळे तो क्रमांक प्रत्येक फंक्शनला हाताने न देताही शेवटपर्यंत नेता येतो. आम्ही आधी तेच केले. पण एका प्रवाशाचा व्यवहार तीन वेगळ्या विनंत्यांमधून जातो : दोन त्याच्या फोनवरून येतात आणि तिसरी, वेबहूकची, गेटवेच्या सर्व्हरवरून. विनंतीचा क्रमांक या तिघींना जोडत नाही. म्हणून सीट राखतानाच एक व्यवहार क्रमांक तयार करायचा, गेटवेला आपला संदर्भ म्हणून तोच द्यायचा, वेबहूकमध्ये तो परत येतो तेव्हा उचलायचा, आणि त्या व्यवहारापुरता एक चाइल्ड लॉगर (मूळ लॉगरचा उपलॉगर) करून त्याच्या प्रत्येक ओळीत तो उमटवायचा असे ठरले.

ताईंकडे मात्र व्यवहार क्रमांक नसे, मोबाइल क्रमांक असे. मोबाइल क्रमांक लॉगमध्ये ठेवावा का, यावर मतभेद झाले. शेवटचे चार अंक ठेवावेत असा एक तोडगा पुढे आला, परंतु डेटाबेसमध्ये मोबाइलवरून व्यवहार क्रमांक शोधता येत असेल तर लॉगमध्ये त्याचा एकही अंक लागत नाही, हे लक्षात आल्यावर तो सोडला. नंतर कळले की तसा शोध घेताच येत नव्हता : सात मिनिटे उलटली की राखून ठेवल्याची नोंद एक नियतकालिक काम पुसून टाकत असे, आणि तक्रारी नेमक्या त्याच नोंदींच्या होत्या. नोंद न पुसता तिच्यावर ‘मुदत संपली’ अशी खूण करायची, एवढा बदल डेटाबेसमध्ये करावा लागला. लॉगिंगच्या कामात डेटाबेस बदलावा लागेल असे सुरुवातीला कोणालाच वाटले नव्हते.

बदल बुधवारी रात्री चढवला आणि शुक्रवारी कारण हाती आले. वेबहूकच्या एररमध्ये पोस्टग्रेसचा २३५०५ हा कोड होता, म्हणजे अनन्यतेच्या (एकच सीट दोनदा देता येत नाही या) नियमाचा भंग. त्याच व्यवहार क्रमांकाच्या मागच्या ओळी पाहिल्यावर क्रम उलगडला. प्रवासी यूपीआय ॲपमध्ये जाई, नेटवर्क अडखळे, पैसे आठव्या-नवव्या मिनिटाला जात. तोवर सीट सुटलेली असे आणि गर्दीमुळे दुसऱ्याने घेतलेलीही असे. तिकीट घालण्याचा प्रयत्न डेटाबेस नाकारी, आमचा कोड ती एरर पकडून तिचा क्रमांक व संदेश एका नव्या साध्या एररच्या संदेशात घाली, त्या एररचे जेसन करून रिकामा कंस छापी, आणि गेटवेला ‘सर्व ठीक’ असे २०० चे उत्तर देई. गेटवेच्या दृष्टीने काम संपलेले असे, म्हणून तो निरोप पुन्हा पाठवतही नसे.

दुरुस्ती लॉगिंगची नव्हती. उशिरा आलेल्या पेमेंटला सीट मोकळी असेल तर तिकीट द्यायचे, नसेल तर तत्काळ रिफंड सुरू करून प्रवाशाला कळवायचे, असे ठरले. गेटवेला उत्तर काय द्यावे हा पुढचा प्रश्न. सीट गेलेली असताना निरोप पुन्हा येऊन काहीच साधत नाही, म्हणून तेथे २०० च ठेवले. डेटाबेसशी संपर्कच झाला नाही तर मात्र ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) द्यायचे, म्हणजे गेटवे पुन्हा प्रयत्न करतो. लेव्हलही याच तर्काने ठरली : रिफंड सुरू झाला तर वॉर्न, सुरू होऊ शकला नाही तर एरर. एरर म्हणजे माणसाने उठून काहीतरी केले पाहिजे, असा अर्थ त्या दिवसापासून कंपनीत रूढ झाला.

दुसरा टप्पा : उरलेला कोड

विसर्जनानंतर सहाशेंपैकी उरलेल्या ओळींची पाळी आली, आणि येथे मी घाई केली. शोधा-आणि-बदला करून सगळे कन्सोल-लॉग एका झटक्यात लॉगर-इन्फो करावे, ही सूचना माझी होती. सगळे चालले, ओळी सुबक जेसनमध्ये दिसू लागल्या, आणि नऊ दिवस कोणाच्या काही लक्षात आले नाही.

मग तिकीट रद्द करण्याबाबत एक तक्रार आली आणि दिसले की ‘तिकीट रद्द केले’ असे शेकडो वेळा लिहिलेले आहे, पण कोणते तिकीट हे एकदाही नाही. कन्सोलला आधी वाक्य आणि मग क्रमांक दिला तर तो दोन्ही छापतो. पिनोत पहिला घटक वाक्य असेल तर पुढचे घटक त्या वाक्यातील जागा भरण्यासाठी आहेत असे मानले जाते. वाक्यात तशी जागा नसेल तर ते निमूटपणे गळून पडतात. माहितीची वस्तू आधी आणि वाक्य नंतर, हा पिनोचा क्रम आहे. कॅच-भागातील (एरर पकडणाऱ्या कोडमधील) काही एररही अशाच गळाल्या होत्या, म्हणजे जुना रिकामा कंस गेला आणि त्याच्या जागी काहीच नाही अशी स्थिती आली होती.

पिनोतील एका हूकने (नोंद लिहिण्याआधी आपला कोड चालवण्याच्या सोयीने) असे सुटे घटक आपोआप उचलता आले असते. तो मार्ग न घेता ओळी हाताने तपासायच्या ठरल्या, आणि चुकीचा क्रम पकडणारा एक नियम ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनात लिहिला. तपासताना प्रत्येक ओळीला विचारले : ही कोण वाचणार आणि केव्हा? निम्म्याहून अधिक ओळींना उत्तर नव्हते. त्या काढल्या.

गुप्त माहिती झाकण्याची सोय पिनोत आहे. ज्या वाटेवरचे मूल्य झाकायचे ती वाट द्यायची. पण त्यातील तारांकन (‘कोणतेही नाव’ या अर्थाची खूण) एकाच पायरीपुरते चालते. एक पायरी खाली असलेला मोबाइल क्रमांक झाकला गेला, दोन पायऱ्या खालचा उघडा राहिला. शिवाय विनंतीची नेहमीची नोंद हेडरसकट उतरते आणि त्यात टोकन असते. काय झाकायचे याची यादी कधीच पुरी होत नाही, म्हणून आम्ही ती उलटी केली : विनंतीतील पद्धत, मार्ग आणि व्यवहार क्रमांक एवढेच लिहायचे, बाकी काहीही नाही.

चालू सेवेची लेव्हल बदलण्यासाठी एका प्रोग्रामरने हौसेने एक अंतर्गत पत्ता तयार केला. तेथे विनंती पाठवली की लेव्हल डीबग होई, पण चारपैकी एकाच प्रोसेसची, जिच्याकडे ती विनंती गेली तिची. दोन तास ‘कधी दिसते, कधी दिसत नाही’ असा खेळ झाल्यावर तो पत्ता काढला आणि लेव्हल पर्यावरण-चलातून (प्रोसेस सुरू होताना बाहेरून दिल्या जाणाऱ्या मूल्यातून) घेऊन प्रोसेस पुन्हा सुरू करण्याचा साधा मार्ग ठेवला. वेगासाठी लेखन असिंक्रोनस करण्याचाही, म्हणजे ओळी आधी बफरमध्ये साठवून मागाहून लिहिण्याचाही, प्रस्ताव आला. तसे केल्यास बफरमधील ओळी प्रोसेस अचानक मेल्यास हरवतात, आणि नेमक्या त्याच ओळी हव्या असतात, म्हणून पिनोची मूळची सिंक्रोनस पद्धत कायम राहिली.

फाइली रोज फिरवून, दाबून, १८० दिवस ठेवण्याची व्यवस्था लॉगरोटेट या लिनक्सवरील साधनाने केली. त्यात मूळ फाइलीची प्रत काढून ती रिकामी करण्याचा पर्याय घेतला. प्रत आणि रिकामे करणे यांच्यामधल्या क्षणी एखादी ओळ हरवू शकते, पण रविवारच्या रात्रीची पुनरावृत्ती टळते.

परिणाम

पूर्वी एका तक्रारीमागे अर्धा दिवस जाई आणि बहुधा हाती काही लागत नसे. आता ताई मोबाइलवरून व्यवहार क्रमांक काढतात, प्रोग्रामर त्या क्रमांकाच्या ओळी गाळून पाहतो, आणि पंधरा मिनिटांत उत्तर मिळते. यूटीसी वेळेने सुरुवातीला गोंधळ झाला, पण त्यातून एक गंमतही निघाली. ‘सोमवारी रात्री पावणेदोन’ असे प्रवासी सांगतो तेव्हा दिनदर्शिकेनुसार मंगळवार उजाडलेला असतो. यूटीसीत मात्र तेव्हा सोमवारचे रात्रीचे सव्वाआठ वाजलेले असतात. बोलीतला सोमवार आणि सर्व्हरचा सोमवार जुळतो, चुकते ते कार्यालयीन घड्याळ.

काय वेगळे करता आले असते

रिकाम्या कंसाचे कारण पहिल्याच दिवशी ओळखून त्या एका ओळीत एरर तशीच छापली असती, तर २३५०५ हा कोड लायब्ररीशिवाय, त्याच रात्री दिसला असता. रविवारची डिस्क भरली नसती आणि टोकनही लॉगमध्ये आले नसते. लायब्ररीची गरज त्यानंतरही होती, पण ती शांतपणे निवडता आली असती.

टोकनबाबतचा निर्णय मला चुकीचा वाटतो. ती सगळी रद्द केली तर ऐन गर्दीत प्रत्येक प्रवाशाला पुन्हा लॉगिन करावे लागेल, म्हणून रद्द करणे ऑक्टोबरपर्यंत लांबवले गेले. फाइलीचा तुकडा गटातून काढला होता, पण तो ज्यांच्या फोनमध्ये आधीच उतरला होता त्यांचे काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. किमान त्या तुकड्यात दिसणारी टोकन त्याच दिवशी रद्द करता आली असती. त्याचा त्रास थोड्याच प्रवाशांना झाला असता. शोधा-आणि-बदलाबाबत सांगायचे तर एका फाइलीत बदल करून तिचा लॉग डोळ्यांनी वाचला असता, तर दहा मिनिटांत चूक दिसली असती. आम्ही कोडचा फरक वाचला, त्यातून निघालेला लॉग वाचला नाही.

महिन्याअखेरीस बसमालकांचा हिशेब काढणारी एक छोटी स्क्रिप्ट मात्र आजही कन्सोल-लॉगच वापरते. ती एकच माणूस हाताने चालवतो आणि तोच समोर बसून वाचतो, म्हणून तिला हात लावलेला नाही.